मानेतले नऊ अंश

बारावीच्या मराठीचा शेवटचा गठ्ठा तपासून मॉडरेटरकडे पोचता केला, त्या संध्याकाळी माझा उजवा अंगठा झोपला. झटकला, चोळला, गरम पाण्यात धरला. लाल पेन धरून बोटं आखडणं हे दर मार्चचंच आहे, म्हणून फार मनावर घेतलं नाही. दोन दिवसांनी पहाटे फऱ्यात अशी कळ आली की उठून बसले. फऱ्यातून खांद्यावर, तिथून दंडाच्या बाहेरच्या अंगानं कोपरापर्यंत आणि पुढे अंगठ्यात, कुणीतरी तापलेली तार ओढत नेतंय असं वाटत होतं.

एक युक्ती माझी मलाच सापडली. उजवा हात डोक्यावर ठेवला की कळ निम्मी व्हायची. मग मी तशीच झोपायला लागले, तशीच टीव्ही बघायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, डोक्याला हात लावून बसू नये, घरात अवदसा येते." त्यांना काय सांगणार?

साताऱ्यात अशा दुखण्याला एकच नाव आहे: मणक्यात गॅप. स्टाफरूममध्ये सात जणांना गॅप होता, त्यातल्या चौघांनी मला आपापले डॉक्टर सुचवले आणि एकानं वाईकडचा मान मोडून देणारा माणूस सुचवला. (तिकडे गेले नाही, हे माझं नशीब. मानेला झटका देणाऱ्याच्या हातात अशी मान कधी द्यायची नाही, हे पुढे मला फार कडक शब्दांत ऐकायला मिळालं.) गॅप हा शब्द मराठीत कुणी रुजवला कोण जाणे. ऐकून वाटतं, दोन मणक्यांमध्ये जागा वाढली. असतं बरोबर उलटं. मधली गादी झिजते, सुकते, चेपते आणि जागा कमी होते.

एमआरआय झाला. मानेत मणके सात आणि बाहेर पडणाऱ्या नसांच्या जोड्या आठ, हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. माझ्या दोन जागा बिघडल्या होत्या. पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली गादी उजवीकडे फुटून बाहेर आली होती आणि सहाव्या नसेवर बसली होती. तिच्या खालची, सहाव्या-सातव्या मणक्यांमधली गादी जुनीच झिजलेली होती, तिथे हाडाची टोकं वाढून सातव्या नसेची वाट अरुंद झाली होती. डॉक्टर लोक त्यांना सी पाच-सहा आणि सी सहा-सात म्हणतात. पुढचे तीन महिने आमच्या घरात हे आकडे एसटीच्या वेळांसारखे बोलले जात होते.

पहिल्या सर्जननी फिल्म दिव्याच्या पेटीवर लावल्या, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "तरुण आहात मॅडम. दोन्हीकडे गादीच्या जागी कृत्रिम चकत्या बसवून टाकू. मान आहे तशीच हलेल. शुक्रवारी ॲडमिट व्हा." हातात एक गुळगुळीत माहितीपत्रक दिलं. त्यावर पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ हिरवळीवर गोल्फ खेळत होते. सगळं मिळून सात-आठ मिनिटं लागली असतील. त्यांनी मला खुर्चीवरून उठवलंसुद्धा नाही.

आणि खरं सांगते, मी खूश होते. ऑपरेशनची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती मान जखडण्याची होती. माझ्या लहानपणी आमच्या आळीत एक काका होते. त्यांना हाक मारली की ते मान वळवत नसत, अख्खे वळत. बसलेले असले तर खुर्चीसकट. आम्ही पोरं मुद्दाम मागून हाक मारायचो. मानेचं ऑपरेशन म्हटलं की मला ते काका दिसायचे. मला स्कूटीवरून पोवई नाक्याच्या गर्दीतून कॉलेजला जायचं असतं, मागून येणारी गाडी मान वळवून बघावी लागते. मणके प्लेट-स्क्रूनं जोडून टाकायचे, म्हणजे फ्यूजन, ही कल्पनाच नको वाटत होती. हलणारी चकती म्हटल्यावर मी मनातल्या मनात शुक्रवारची बॅगही भरली.

नवऱ्यानं अडवलं. त्याचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. तो म्हणाला, "मी पाचशेचा पंखा बदलायचा तरी आधी वायर तपासतो. ह्यांनी तुझा हात तरी हातात घेऊन बघितला का?"

म्हणून पुणे. खंबाटकीचा बोगदा ओलांडेपर्यंत रस्त्यातला प्रत्येक खड्डा अंगठ्यात वाजत होता.

ह्या दुसऱ्या डॉक्टरांनी एमआरआयचं पाकीट बाजूला ठेवलं आणि मला एका रेषेत, टाचेला चवडा लावून चालायला सांगितलं. मग मधल्या बोटाचं नख टिचकीसारखं उडवून माझा अंगठा आपोआप आत वळतो का ते पाहिलं. हातोडीनं कोपर, मनगट, गुडघे ठोकले. शर्टाची बटणं पटकन लावता येतात का, अक्षर बदललंय का, लघवी अडते का, हे विचारलं. शेवटी डोकं उजवीकडे कलतं करून वरून हलकेच दाबलं आणि मी ओरडले. "ठीक," ते म्हणाले. मी विचारलं, "हात डोक्यावर ठेवल्यावर बरं का वाटतं?" त्यांना आनंदच झाला. हात वर नेला की नसेवरचा ताण सैल पडतो, हे नस दबल्याचंच एक लक्षण आहे म्हणाले. सासूबाईंना सांगायला मला काहीतरी मिळालं.

मग म्हणाले, "दुखायला लागून चार आठवडे झालेत. ताकद पूर्ण आहे. मज्जारज्जूवर दाब नाही. मी आज काही करणार नाही."

जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर प्रवास करून हे ऐकायला आलो का, असं झालं. त्यांनी समजावलं, की फुटून बाहेर आलेला गादीचा तुकडा तसाच राहत नाही, सुकतो, शरीराच्या पेशी तो हळूहळू खाऊन टाकतात. नस दबून हात दुखणारे बहुतेक लोक सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनाशिवाय बरे होतात. "चकती बसवायची का फ्यूजन करायचं हा दुसरा प्रश्न. आधीचा प्रश्न असा, की काही करायचं का." मात्र चार गोष्टींसाठी त्याच दिवशी या म्हणाले: हाताची ताकद कमी होऊ लागली, चालताना तोल जाऊ लागला, बटणं-हुक लावताना बोटं गोंधळू लागली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला. हे मी बिलाच्या पाठीमागे लिहून घेतलं आणि फ्रिजवर चिकटवलं.

एप्रिल-मे फिजिओथेरपीत गेला. त्याबद्दल लांबण लावत नाही. हनुवटी आत ओढायचा एक व्यायाम होता, तो आरशात बघून करायचा नाही एवढाच सल्ला देईन. पण गुण आला. रात्री झोप लागू लागली. तार थंड झाली. मानेचा पट्टा मी दहा दिवसांतच काढून ठेवला होता. मेच्या मध्यावर मी सगळ्यांना सांगत सुटले होते, बघा, गादीचा तुकडा विरघळला.

त्याच आठवड्यात पाहुणे आले म्हणून मोठी परात घेऊन बसले. कणीक मळताना गोळा जागेवर राहीना. दोन्ही तळवे टेकून पुढे ढकललं की गोळा घड्याळाच्या काट्यासारखा फिरायचा. पीठ घट्ट झालंय म्हणून पाण्याचा हात लावला. तरी तेच. मग फक्त उजव्या हातानं ढकलून पाहिलं. तळवा कणकेवर होता, मी जोर लावत होते, आणि कोपर मागच्या मागे दुमडत होतं. दुखत काहीच नव्हतं. कणकेत जेमतेम बोटभर खळगा पडला. डाव्यानं ढकलल्यावर गोळा परातीच्या कडेला जाऊन आदळला.

लेक सुट्टीला घरी होती, इंजिनिअरिंगला आहे. तिला मोजल्याशिवाय काही खरं वाटत नाही. तिनं उभं राहून वजन करायचा जुना काटा आणला, भिंतीला छातीच्या उंचीवर टेकवून धरला आणि म्हणाली, "आई, दाब." डावा हात चौदा किलो. उजवा सहा. दुसऱ्या दिवशी सहा. तिसऱ्या दिवशी साडेपाच. पाचव्या दिवशी पाच. एका वहीत तारखेसकट लिहीत गेलो आणि ती वही घेऊन पुन्हा पुण्याला निघालो. ह्या वेळी खड्डे जाणवले नाहीत, हेच वाईट होतं.

वही पाहून डॉक्टर काही क्षण बोलले नाहीत. मग माझं कोपर सरळ करायला लावून त्यांनी ते दोन बोटांनी दुमडलं. मी म्हटलं, "पण दुखणं तर खूप कमी आहे." ते म्हणाले, "ताकद जात असताना दुखणं कमी झालं, तर मला त्याचा आनंद होत नाही. नस ओरडायची थांबली, एवढंच." कोपर सरळ करणारा, म्हणजे दंडामागचा स्नायू मुख्यतः सातव्या नसेवर चालतो. अंगठा सहाव्या नसेचा. दोन्ही जागा बोलत होत्या. आता थांबण्यात अर्थ नव्हता, तोही प्रश्न सुटला. नस फार काळ दबलेली राहिली तर पुढे मोकळी करूनही ताकद पूर्ण परत येईलच असं नसतं.

मी पर्समधून गोल्फवाल्या गृहस्थांचं माहितीपत्रक काढलं. "मग दोन्हीकडे चकत्या ना?"

"मान पुढे वाकवून आणि मागे नेऊन काढलेले एक्स-रे दाखवा."

तसले कुणी काढलेच नव्हते.

ते अर्ध्या तासात निघाले. डॉक्टरांनी दोन्ही चित्रं पडद्यावर शेजारीशेजारी लावली आणि मणक्यांच्या कडांवरून रेषा ओढल्या, शाळेत कोनमापकानं ओढायचो तशा. सी पाच-सहा: मान पुढून मागे जाताना कोन नऊ अंशांनी बदलत होता. सी सहा-सात: दोन अंश. ते म्हणाले, "दोन अंश म्हणजे मोजणाऱ्याच्या हाताची चूकसुद्धा असू शकते. हा मणका हलायचा केव्हाच थांबलाय. तुम्हाला कळलं का?"

नव्हतं कळलं. किती वर्षं माझ्या मानेतला एक सांधा जवळजवळ बंद होता आणि मी स्कूटीवरून मागे वळून बघत होते.

इथे मला माझ्या भीतीचं गणित पुन्हा मांडावं लागलं. मान डावी-उजवीकडे वळते त्यातलं जवळजवळ निम्मं वळण सगळ्यात वरच्या दोन मणक्यांमध्ये होतं, कवटीच्या अगदी खाली. खालचा एक सांधा जोडला तर स्कूटी चालवताना फरक जाणवणारही नाही. मी आळीतल्या काकांची गोष्ट सांगितली. ते हसले आणि म्हणाले, वर्णनावरून तो वेगळाच आजार वाटतो, त्यात संधिवातामुळे अख्खा कणा वरपासून खालपर्यंत आपोआप जुळत जातो. लहानपणापासून मी चुकीच्या माणसाला घाबरत होते.

"मग हलणारी चकती हवीच कशाला?" हा प्रश्न मी तिथेच विचारला, आणि पुढचा अर्धा तास ह्या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात कामाचा होता.

गळ्याच्या पुढून जाऊन खराब गादी काढायची आणि दोन मणके जोडायचे, ही पद्धत १९५० च्या दशकातली आहे. बाल्टिमोरच्या रॉबिन्सन आणि स्मिथ यांनी १९५५ साली ती मांडली आणि आजही ती चांगली चालते, नस मोकळी होते. अडचण शेजाऱ्यांची. एक सांधा बंद झाला की त्याच्या वाटचं काम वरच्या-खालच्या सांध्यांवर पडतं, असा संशय आहे. ॲलन हिलिब्रँड आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली फ्यूजन झालेल्या रुग्णांचा अभ्यास छापला. त्यात दर वर्षी शंभरात साधारण तिघांना शेजारच्या मणक्याचा नवा त्रास सुरू होत होता, आणि दहा वर्षांत चारांतल्या एकाला होईल असा अंदाज निघाला. डॉक्टरांनी लगेच जोडलं, की ह्यातलं किती फ्यूजनमुळे आणि किती नुसत्या वयामुळे, ह्यावर अजून वाद आहे. ज्याची एक गादी झिजते त्याच्या बाकीच्याही झिजायच्या रांगेत असतात. कृत्रिम चकती आणि फ्यूजन यांची तुलना करणाऱ्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचण्यांत चकतीवाले मागे पडले नाहीत, काहींत तर पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण कमी दिसलं. "पण त्या चाचण्यांचा खर्च बहुतेक चकती बनवणाऱ्या कंपन्यांनी केला होता, आणि त्यात घेतलेले रुग्ण निवडून घेतले होते. ते निवडीचे निकष लक्षात ठेवा. तुमचा निर्णय तिथे आहे."

निकष असे. सांधा मुळात हलता हवा. मणक्यांच्या मागे जे छोटे जोडसांधे असतात ते झिजलेले नकोत, कारण पुढे चकती बसवून हालचाल चालू ठेवली तर मागचे झिजलेले सांधे घासत राहतात आणि मान दुखतच राहते. मणका सैल होऊन सरकत असेल तर हलणारी चकती नको, तिथे घट्ट जोडणंच योग्य. हाडं ठिसूळ नकोत, नाहीतर धातू हाडात रुततो. मज्जारज्जूसमोरचा पट्टा हाडासारखा कडक झालेला नको. जपानमध्ये हा आजार बराच आढळतो आणि त्यासाठी तिथल्या सर्जननी मागून कमान उघडायची वेगळी पद्धत काढली, तीही मणके न जोडता करतात. चौथा मार्गही त्यांनी सांगितला: मानेच्या मागून छोटं भोक पाडून फक्त नसेची वाट मोठी करायची, आत काहीच बसवायचं नाही. माझा पाच-सहाचा तुकडा मधल्या बाजूला सरकलेला होता, मागून तिथे पोचायचं तर मज्जारज्जू बाजूला ओढावा लागला असता. म्हणून तो बाद.

माझा सीटी स्कॅन झाला. पाच-सहाचे मागचे सांधे स्वच्छ. सहा-सातचे झिजून खडबडीत. हाडांची घनता मोजली, आईला ऑस्टिओपोरोसिस होता म्हणून मला धाकधूक होती, ती ठीक निघाली.

आणि मग त्यांनी विचारलं, "खोटे दागिने घातल्यावर कान चिघळतात का?"

चिघळतात. कॉलेजात असल्यापासून. लग्नाच्या हंगामात मोत्यांचे म्हणून घेतलेले कानातले दुसऱ्या दिवशी काढून फेकावे लागतात. ह्याचा मानेशी संबंध असेल हे स्वप्नातही आलं नव्हतं. पण बऱ्याच कृत्रिम चकत्या कोबाल्ट-क्रोमच्या मिश्रधातूच्या असतात आणि त्यात थोडा निकेल असू शकतो. मला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. पाठीवर छोट्या छोट्या पट्ट्या चिकटवल्या, अठ्ठेचाळीस तास ठेवायच्या, पाठीला पाणी लागू द्यायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही. मे अखेरचा सातारा! दोन दिवस मी पंख्याखाली पालथी पडून होते आणि सासूबाई ओला पंचा घेऊन फक्त माझे हातपाय पुसत होत्या. निकेलच्या चौकोनात लालभडक चट्टा उठला. त्यामुळे चकती टायटॅनियमची लागणार होती. पहिल्या शुक्रवारी मी ॲडमिट झाले असते तर आत काय बसलं असतं, ह्याचा विचार मी करत नाही. म्हणजे करते, पण रात्री करत नाही.

त्या दिवसांत मी ह्या चकत्यांचा इतिहास वाचत बसले. साठच्या दशकात स्वीडनच्या फर्नस्ट्रम नावाच्या सर्जननी मणक्यांमध्ये स्टीलच्या गोळ्या बसवल्या होत्या, बेअरिंगमधल्या छर्ऱ्यांसारख्या. नवऱ्याला ही कल्पना फार पटली. मात्र त्या गोळ्या कालांतरानं हाडात रुतल्या. पुढे पूर्व बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात कारिन ब्यूटनर-यान्झ आणि कुर्ट शेलनॅक यांनी कमरेच्या मणक्यासाठी चकती तयार केली, ती १९८४ साली पहिल्यांदा बसवली गेली. ह्या कारिनबाई म्हणजे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची दोन सुवर्णपदकं मिळवलेल्या कारिन यान्झ. कणा वाकवण्यात जिचं लहानपण गेलं तिनंच पुढे न जखडणारा कणा शोधावा, ह्यात मला फार गंमत वाटली. अमेरिकेत ह्या चकतीला २००४ साली परवानगी मिळाली आणि मानेच्या चकतीला २००७ साली. म्हणजे फ्यूजनला सत्तर वर्षांचा अनुभव आहे, मानेच्या चकतीला त्या मानानं थोडाच. तीस वर्षांनी ती कशी असेल, हे आज कुणी ठामपणे सांगू शकेल असं काही नाही.

निर्णय असा ठरला: पाच-सहाला हलणारी चकती, सहा-सातला फ्यूजन. अशा मिश्र ऑपरेशनला ते हायब्रिड म्हणतात. नवऱ्यानं भाषांतर केलं, "वरचं दार बिजागरीवर, खालची खिडकी खिळे ठोकून बंद. कारण खिडकी तशीही गंजून उघडत नव्हती." डॉक्टर म्हणाले, मी हे आता पेशंटना सांगायला वापरीन.

विमा कंपनीच्या लोकांना मात्र हे कुणी भाषांतर करून दिलं नाही. एकाच मानेत दोन वेगवेगळी इम्प्लांट कशी, असा प्रश्न तीनदा आला. फ्यूजन मंजूर झालं, चकतीचा काही भाग "प्रगत उपचार" म्हणून कापला. सव्वा लाख खिशातून गेले. ह्याविषयी माझं मत छापण्यासारखं नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन झालं. गळ्याच्या पुढे, नेहमीच्या सुरकुतीतच दोन इंचांचा छेद. श्वासनलिका आणि अन्ननलिका एका बाजूला, मुख्य रक्तवाहिनी दुसऱ्या बाजूला सारून मणक्यापर्यंत जातात. संमतीच्या कागदावर एक ओळ होती: आवाज बसू शकतो, क्वचित कायमचा. स्वरयंत्राची नस त्याच वाटेवर असते. हात लुळा पडण्याच्या ओळीवर मी सही करून गेले आणि ह्या ओळीवर पेन थांबलं. एकोणीस वर्षं मी आवाजावर पोट भरते आहे. मागच्या बाकावरच्या पोराला शेवटचं अक्षर ऐकू गेलं पाहिजे. भूल देणाऱ्या डॉक्टर बाई समजूतदार होत्या, त्यांनी घाई केली नाही. मी सही केली, पण आदल्या रात्री लेकीच्या मोबाईलवर ज्ञानेश्वरीच्या दहा ओव्या म्हणून ठेवल्या. आवाज राहावा म्हणून. तिला कारण सांगितलं नाही, तिला ते कळलं असावं.

शुद्धीवर आल्यावर मी पहिल्यांदा अंगठा चोळला, आणि दुसऱ्यांदा "पाणी" म्हणाले. घोगरं, फाटकं, पण शब्द निघाला. फऱ्यातली कळ साफ गेली होती. गिळताना मात्र घशात गोटी अडकल्यासारखं व्हायचं, तीन आठवडे पेज, मऊ भात आणि आइस्क्रीम. आवाज पाच आठवडे घोगरा राहिला. पहिल्या पंधरवड्यात वेदनाशामक गोळ्या दुखो न दुखो नेमानं घ्यायच्या होत्या. चकतीभोवती नको तिथे हाड वाढू नये म्हणून त्या देतात. सहा-सातला हाड वाढून जुळायला हवं होतं आणि त्याच्या बोटभर वर अजिबात वाढायला नको होतं, आणि शरीर एकच. ही अडचण डॉक्टरांना बोलून दाखवली तर म्हणाले, "म्हणूनच हायब्रिडच्या पेशंटला मी जरा जास्त वेळा बोलावतो."

कॉलेजला ऑगस्टमध्ये रुजू झाले. स्कूटी त्यानंतर महिन्यानं काढली. पोवई नाक्यावर मागे वळून पाहिलं. मान वळली. पूर्वीइतकीच वळली असं मला वाटतं, पण पूर्वी किती वळायची हे मी कधी मोजलंच नव्हतं, त्यामुळे खरं काही सांगता येत नाही.

परवा वर्षाचा एक्स-रे झाला. खालचे दोन मणके एकजीव झालेत. वरची चकती सात अंश हलते. नवातले दोन कुठे गेले विचारलं, तर डॉक्टरांनी चकतीच्या पुढच्या काठावर भाताच्या शितासारखं पांढरं टोक दाखवलं. हाड वाढायला लागलंय. सध्या चकतीच्या जागेत शिरलेलं नाही. पुढे वाढून त्यानं पूल बांधलाच तर? "तर ते फ्यूजन झालं. हातात त्रास नसेल तर मी त्याला हातही लावणार नाही." म्हणजे ज्याच्यासाठी सव्वा लाख मोजले ते शरीर हळूहळू आपल्या मनानं बंदही करू शकतं. हे मला आधी सांगितलं होतं, फाईलमध्ये माझी सहीही आहे. तरी पडद्यावर ते शीत बघताना पोटात खड्डा पडला.

घरी आल्यावर लेकीनं काटा भिंतीला लावला. डावा चौदा, उजवा साडेबारा. अंगठ्याचं टोक अजून झोपलेलंच आहे, सुईत दोरा ओवायला डाव्या हाताला बोलवावं लागतं. रात्री सासूबाईंना पुरणपोळ्या हव्या होत्या म्हणून मोठी परात काढली. गोळा अजून किंचित फिरतो.